तार बदलण्याआधी निदान

एकदा ओपीडी संपत आली असताना एक निवृत्त गुरुजी आत आले. एका हातात केसपेपर होता, दुसऱ्या हातात मखमली पिशवीत गुंडाळलेली एक तार. "डॉक्टरसाहेब, बीपी नंतर बघा, आधी हे बघा," असे म्हणून त्यांनी ती टेबलावर ठेवली. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने दिवाळीत घरी एक छोटा संगणक बसवून दिला होता. गुरुजींनी चाळीस वर्षे जपलेल्या कॅसेटी त्यात उतरवल्या होत्या. शेजारी डॅक नावाची डबी, मग ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. सगळे जुळले, पण दोन तक्रारी राहिल्या. गाणे थांबले की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येत राहायचा आणि तंबोऱ्याची जवारी पूर्वीसारखी ऐकू यायची नाही. "पोरगा म्हणाला, तार भारीची घ्या. साडेसात हजारांची घेतली. फरक काहीच पडला नाही. तुम्हाला गाण्याचा नाद आहे म्हणून विचारतो, आता याच्यापेक्षा भारीची घ्यावी का?"

मी त्यांना जे विचारले ते कोणत्याही रुग्णाला विचारतो. दुखते नेमके कुठे? कधीपासून? काय केले की कमी होते? या प्रश्नांची उत्तरे मिळण्याआधीच गुरुजींनी साडेसात हजारांचे औषध घेऊन टाकले होते. संगीत ऐकण्याच्या साधनांबाबत आज घरोघर हेच चालले आहे. म्हणून आरोग्य आणि विज्ञानाच्या या सदरात आज तारेविषयी लिहितो.

आधी ही साखळी समजून घेऊ. ज्या संगणकात गाणी साठवलेली असतात त्याला म्युझिक सर्व्हर म्हणतात. त्याच्याकडून निघते ते गाणे नसते, गाण्याचे आकडे असतात. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीचा हिशेब अजूनही पायाभूत मानला जातो. डाव्या आणि उजव्या बाजूच्या ध्वनीची प्रत्येकी सेकंदाला ४४,१०० मापे घेतली जातात आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहिले जाते. म्हणजे सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट. डॅकचे काम एवढेच की हे आकडे वाचून त्यांची पुन्हा विजेची लहर करायची. ती लहर ॲम्प्लिफायर मोठी करतो, स्पीकर हवा हलवतो आणि मग आपला कान कामाला लागतो. सर्व्हर आणि डॅक यांच्यातली तार ही या साखळीतली एक कडी. ती कोणत्या प्रकारची असावी, हा गुरुजींचा प्रश्न.

औषधाच्या चिठ्ठीवर ५०० मिलिग्रॅम लिहिले असेल तर ते निळ्या शाईने लिहिले की काळ्या, याने गोळीची ताकद बदलत नाही. अक्षर वाचता आले म्हणजे झाले. वाचताच आले नाही तर मात्र मोठी चूक होते, ५०० चे ५० होतात. आकड्यांच्या तारेचेही असेच आहे. तार खराब असेल, फार लांब असेल किंवा पिन सैल असेल तर आकडे चुकतात आणि आपल्याला टक्‌टक् ऐकू येते, मधेच आवाज तुटतो किंवा पूर्ण बंद पडतो. "तंबोरा जरा मऊ वाटतो", "तबल्याचा बायां भरीव झाला" असे सूक्ष्म बदल आकडे चुकल्याने होत नाहीत. चुकणाऱ्या बिटाला तंबोरा कुठला आणि तबला कुठला हे कळत नाही.

आकड्यांइतकीच वेळही महत्त्वाची. प्रत्येक आकडा ठरल्या क्षणी लहरीत उतरला पाहिजे. इथे सलाईनचे उदाहरण घ्या. बाटली वर टांगलेली असते, नळीच्या सुरुवातीला थेंब पडणारी छोटी कुपी असते आणि थेंबांचा वेग ठरवणारे चाक खाली, सिस्टरच्या हाताशी असते. बाटली किंचित हलली तरी रुग्णाला जाणारा वेग चाक सांभाळते. चाक कोणाच्या हातात आहे, हाच निरनिराळ्या जोडण्यांमधला खरा फरक.

एस/पीडीआयएफ ही सोनी आणि फिलिप्स यांच्या नावावरून ओळखली जाणारी जुनी पद्धत. ती दोन वाटांनी जाते. एक ७५ ओहमची तांब्याची कोॲक्सिअल तार आणि दुसरी प्रकाश वाहून नेणारी ऑप्टिकल तार, जी तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आणली. दोन्हींत वेळ पाठवणारा ठरवतो. आकड्यांच्या प्रवाहातच घड्याळाचे ठोके मिसळलेले असतात आणि डॅकला ते ओळखून आपले घड्याळ जुळवून घ्यावे लागते. स्टुडिओत वापरतात ती एईएस३ ही याच कुळातली, जास्त दणकट आणि लांब पल्ल्याची. यूएसबीची जी असिंक्रोनस पद्धत आज बहुतेक चांगल्या डॅकमध्ये असते तिच्यात चाक डॅकच्या हातात असते. डॅक आपल्या घड्याळाप्रमाणे संगणकाला सांगतो, थोडे जास्त पाठव, आता थोडे कमी. लॅनच्या तारेने जोडल्यावर तर आकडे आधी कुपीत साठतात, एखादा हरवला तर बहुतेक पद्धतींत पुन्हा मागवला जातो आणि मग डॅकच्या वेगाने बाहेर पडतो. यूएसबीवरच्या ध्वनिप्रवाहात हरवलेला आकडा असा परत मागवला जात नाही, पण हातभर लांबीच्या धड तारेत तो सहसा हरवतही नाही.

ठोक्यांमधल्या सूक्ष्म थरथरीला जिटर म्हणतात आणि महाग तारांच्या जाहिराती बहुधा याच शब्दावर उभ्या असतात. जिटर खरा आहे, मोजता येतो. प्रश्न तो ऐकू येतो का, हा आहे. जपानमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगीतात मुद्दाम अशी थरथर मिसळली. ती काही शे नॅनोसेकंदांपर्यंत वाढेपर्यंत तयार कानांनाही ओळखता आली नाही. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. आजच्या बऱ्यापैकी डॅकमध्ये ही थरथर त्या मर्यादेच्या कितीतरी खाली असते.

मग गुरुजींचा घूंऽऽ कुठून आला? हा आवाज आम्हा डॉक्टरांच्या ओळखीचा आहे, फक्त आम्ही तो ऐकत नाही, कागदावर पाहतो. ईसीजी काढताना पट्टीवर कधी कधी सरळ रेषेऐवजी बारीक, एकसारखी दातेरी रेषा उमटते. शिकाऊ डॉक्टर घाबरतो, जुना तंत्रज्ञ हसतो. हृदयाला काही झालेले नसते. भिंतीतली ५० हर्ट्झची वीज खराब अर्थिंगमुळे किंवा सैल इलेक्ट्रोडमुळे पट्टीवर चढलेली असते. संगीताच्या संचातही हेच घडते. यूएसबीच्या तारेत आकड्यांच्या जोडीला ५ व्होल्टची वीज आणि ग्राउंडची तार असते. संगणक एका प्लगवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या प्लगवर, दोघांच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक, आणि त्या फरकाची वीज तारेच्या ग्राउंडमधून फिरू लागते. आकडे शाबूत राहतात, पण डॅकच्या पुढच्या भागात, जिथे आकड्यांची लहर झालेली असते, तिथे गुणगुण शिरते. म्हणजे तारेचा परिणाम होऊ शकतो. तो आकड्यांवर नसतो, आकड्यांसोबत शिरणाऱ्या गोंगाटातून होतो. आणि तार महाग असली म्हणून हा गोंगाट थांबत नाही, कारण महाग तारेतही ग्राउंड असतेच.

त्याचे निदान घरच्या घरी होते. गाणे बंद ठेवा, ॲम्प्लिफायर चालू ठेवा आणि डॅकमधून सर्व्हरकडची तार काढा. गुणगुण गेली तर ती याच वाटेने येत होती. गेली नाही तर दोष पुढे, डॅक आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये किंवा ॲम्प्लिफायरमध्ये आहे. लॅपटॉप वापरत असाल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. दोष या वाटेने येत असेल तर आधी सगळी उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. तेवढ्याने भागले नाही तर ऑप्टिकल तार लावा. प्रकाशाच्या तारेत तांबे नाही, म्हणून तिच्यातून वीज फिरू शकत नाही. लॅनच्या साध्या तारेतही दोन्ही टोकांना छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे तिथेही उपकरणे विजेच्या दृष्टीने वेगळी राहतात.

इथे एक गोष्ट डॉक्टर म्हणून बजावून सांगतो. गुणगुण घालवण्यासाठी काही जण तीन पिनच्या प्लगची जाड पिन काढून टाकतात. गुणगुण जातेही. पण ती पिन माणसाच्या जिवासाठी असते. ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीत कधी २३० व्होल्टचा करंट उतरला तर तो त्या पिनमधून जमिनीत जायला हवा. पिन नसेल तर तो हात लावणाऱ्याच्या शरीरातून जातो. आपल्याकडे उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि जमिनीत वीज जाण्याला होणारा रोध वाढतो. खड्ड्यात पाणी घालणे, वर्षातून एकदा जाणकार वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे आणि घरात ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी बसवणे, हे कोणत्याही तारेपेक्षा आधी करायचे काम आहे. गाणेही सुधारेल आणि घरही सुरक्षित होईल.

गोंगाट दूर ठेवणे हे किती मोठे शास्त्र आहे याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात उभे राहते आहे. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये लेसरच्या साहाय्याने गुरुत्वीय लहरी टिपायच्या आहेत. या लहरींनी होणारा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका सूक्ष्म असतो. रस्त्यावरून गेलेला ट्रकही त्यापुढे प्रचंड गोंगाट ठरतो. म्हणून तिथले आरसे जमिनीच्या कंपनांपासून अलग टांगले जातात आणि प्रत्येक गोंगाट आधी मोजून मगच त्याच्यावर उपाय केला जातो. आधी मोजमाप, मग उपाय आणि सर्वात शेवटी खर्च, हा क्रम आपल्या दिवाणखान्यातही पाळता येतो.

तर मग निवड कशी करावी? सर्व्हर आणि डॅक एकाच मेजावर असतील आणि गुणगुण नसेल तर दीड-दोन मीटरची साधी यूएसबी तार उत्तम. यूएसबी २.० ची तार पाच मीटरपेक्षा लांब नेऊ नये. गुणगुण असेल किंवा टीव्हीचा आवाज डॅकला द्यायचा असेल तर ऑप्टिकल घ्यावी. ती तीव्र कोनात वाकवू नये आणि ९६ किलोहर्ट्झच्या वरच्या ध्वनिमुद्रणासाठी तिच्यावर भरवसा ठेवू नये. सर्व्हर दुसऱ्या खोलीत ठेवायचा असेल तर लॅनची तार घ्यावी, ती १०० मीटरपर्यंत निर्धास्त चालते. शिवाय पंख्याची घरघर करणारा संगणक बैठकीतून बाहेर जातो, हा त्यातला मोठा फायदा. कोॲक्सिअल चांगलीच आहे, पण तिच्यात ग्राउंड असते हे लक्षात ठेवावे. एचडीएमआयसारख्या पिनमधून आय-टू-एस नावाची जोडणी देणारी काही उपकरणे आहेत. फिलिप्सने १९८६ मध्ये ती एकाच यंत्राच्या आतल्या चिपांसाठी आखली होती. दोन यंत्रांमधल्या तारेसाठी तिचे सर्वमान्य प्रमाण नाही, म्हणून एका कंपनीचा सर्व्हर दुसऱ्या कंपनीच्या डॅकला तसा जोडू नये. ब्लूटूथ सोयीचे आहे, मात्र त्यात बहुधा गाणे आवळून पाठवले जाते.

"पण मला स्वतःला फरक ऐकू आला," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. आमच्या शास्त्रात याचा एक जुना धडा आहे. १७९६ मध्ये अमेरिकेतल्या एलिशा पर्किन्स या डॉक्टरने वेदना ओढून घेणाऱ्या धातूच्या दोन कांड्यांचे पेटंट घेतले. इंग्लंडात ही जोडी पाच गिनींना विकली जाई, म्हणजे त्या काळी मोठी रक्कम. १७९९ मध्ये बाथ शहरातील डॉ. जॉन हेगार्थ यांनी तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या बनवून संधिवाताच्या पाच रुग्णांवर वापरल्या. चौघांनी आराम पडल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या कांड्या वापरल्या, निकाल तोच. वेदना खरी होती, आरामही खरा होता, पण तो धातूचा नव्हता. तेव्हापासून वैद्यकाने हळूहळू शिकून घेतले की औषध तपासताना ते कोणते आहे हे रुग्णाला कळता कामा नये.

ध्वनीच्या क्षेत्रातही असे प्रयोग झाले आहेत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात उच्च प्रतीच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत साध्या सीडीच्या दर्जाचा टप्पा गुपचूप घालण्यात आला. ५५४ वेळा विचारले, २७६ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडवल्यासारखेच. २०१६ मध्ये अशा १८ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. फरक अगदीच शून्य नाही, पण बारीक आहे. हे प्रयोग ध्वनिमुद्रणाच्या दर्जाचे होते. तारेत तर आकडेही बदलत नाहीत.

घरी करून पाहायचे असेल तर सोपे आहे. आवाजाची पातळी दोन्ही वेळा तंतोतंत सारखी ठेवा, कारण किंचित मोठा आवाज नेहमी "चांगला" वाटतो. तार घरातल्या दुसऱ्या कोणी तुमच्या पाठीमागे बदलावी किंवा न बदलावी आणि कागदावर लिहून ठेवावे. तुम्ही दहा वेळा सांगा. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता शंभरात एक आहे. नऊ आले तर तार ठेवा. पाच-सहा आले तर परत करा.

आता गुरुजींच्या दुसऱ्या तक्रारीकडे येतो, कारण ती अधिक गंभीर होती. जवारीचा झंकार वरच्या बारीक उपस्वरांत असतो. मी विचारले, "गुरुजी, नातवंडांचे बोलणे कळते का? गर्दीत कोणी बोलले तर?" ते थोडे थांबून म्हणाले, "आजकाल सगळे तोंडातल्या तोंडातच बोलतात." हे वाक्य मी रोज ऐकतो. कानात मळ नव्हता. त्यांना श्रवणचाचणीसाठी हिंगोलीला पाठवले. आलेख खालच्या स्वरांत ठीक होता आणि २,००० हर्ट्झनंतर दोन्ही कानांत उतरत गेला होता. जवारी तारेत हरवली नव्हती, ती कानातल्या शंखाकृतीत हरवली होती.

प्रत्येक कानात ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी जन्मतः सुमारे १५ हजार असतात. गेलेली पेशी परत येत नाही. उंच स्वरांच्या पेशी आधी जातात, वयाने आणि त्याहून लवकर मोठ्या आवाजाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याला चार तास, १०० डेसिबलला वीस-पंचवीस मिनिटे. वरातीतल्या डीजेपुढे नाचणारा तरुण एका रात्रीत किती आठवड्यांचा वाटा संपवतो, ते ज्याचे त्याने मोजावे. याच संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत जगात सुमारे २५० कोटी लोकांना कमी-अधिक श्रवणदोष असेल. आपल्या देशात राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ पासून आहे. तरीही चष्म्याचा नंबर काढायला जाणारा माणूस कानाची चाचणी करायला लाजतो, हे आमचे रोजचे दुखणे.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. आवाज सुधारायचा असेल तर खर्चाचा क्रम उलटा करा. पहिला क्रम कानाचा: पन्नाशीनंतर एकदा श्रवणचाचणी आणि आयुष्यभर आवाजाला लगाम. दुसरा क्रम विजेचा: अर्थिंग. तिसरा खोलीचा: पत्र्याच्या छताखाली आणि उघड्या भिंतींत आवाज आदळत राहतो, तिथे एक सतरंजी आणि भिंतीवर टांगलेली गोधडी जे करील ते तार करणार नाही. चौथा साठ्याचा. नर्सी नामदेवच्या परिसरात गावोगावी भजनी मंडळे आहेत आणि त्यांतल्या जुन्या गळ्यांचे आवाज कुणाकुणाच्या कॅसेटींत पडून आहेत. फीत दरवर्षी झिजते. साडेसात हजारांत तारेऐवजी दुसरी हार्ड डिस्क घेऊन त्या आवाजांची आणखी एक प्रत ठेवता येते. तार या यादीत पाचवी येते, आणि ती फक्त योग्य प्रकारची आणि धड असली की पुरे.

गुरुजींनी महागडी तार परत केली आणि काही शे रुपयांची ऑप्टिकल घेतली. घूंऽऽ गेला. श्रवणयंत्र मात्र त्यांनी दोन महिने टाळले, नंतर लावले. पहिल्या आठवड्यात भांड्यांच्या आवाजाने वैतागून काढून ठेवले, पुन्हा लावले. परवा बीपी दाखवायला आले तेव्हा मी जवारीबद्दल विचारले. म्हणाले, "पहिल्यासारखी नाही, पण आहे. आणि नात काय म्हणते ते कळतंय आता." बीपीही थोडे उतरले होते, त्याचे श्रेय मात्र गोळीला.